थेंब सुटला पाहिजे

केपटाउनच्या पाठीशी उभ्या असलेल्या टेबल माउंटनवर १९०२ च्या डिसेंबरपासून १९०३ च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात, दोन पर्जन्यमापके ठेवलेली होती. एक नेहमीसारखे उघड्या तोंडाचे, दुसऱ्याच्या तोंडावर लव्हाळ्यासारख्या गवताच्या काड्यांची जुडी उभी केलेली. वनस्पतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्लोट यांना एक साधा प्रश्न पडला होता. पाऊस नसताना डोंगरमाथ्यावरची झाडे हिरवी राहतात, ती कोणत्या पाण्यावर? आग्नेयेचा वारा सुटला की या पठारावर ढगाची चादर पसरते. तिच्यातून पाऊस पडत नाही, पण गवत मात्र ओले होते. सुमारे आठ आठवड्यांनी उघड्या मापकात पाच इंचांच्या आसपास पाणी होते आणि जुडीच्या मापकात ऐंशी इंचांच्या आसपास. समकालीनांनी लगेच हरकत घेतली. मापकाचे इंच त्याच्या आडव्या तोंडावरून मोजायचे असतात. त्यावर उभी जुडी बसवली की पकडणारे क्षेत्रफळच बदलते, शिवाय वाऱ्याने तिरपी येणारी झिमझिमही तिच्यात सापडते. हरकत रास्त होती. ऐंशी इंच हा त्या डोंगरावरचा पाऊस नव्हे. पण आकडा बाजूला ठेवला तरी निरीक्षण उरतेच. उघड्या भांड्यावरून जे पाणी नुसते वाहून जाते, ते वाटेत उभ्या असलेल्या बारीक काड्यांना लागून खाली येते.

त्या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट माझ्या मते वेगळीच आहे. काड्यांऐवजी मार्लोट यांनी कापसाचा बोळा ठेवला असता, तर धुक्याचे कण त्यालाही लागले असते. पण ते पाणी बोळ्यातच मुरून राहिले असते आणि वाऱ्याने पुन्हा वाळून गेले असते. उभी, गुळगुळीत काडी थेंबाला थांबवते तशी सोडूनही देते. धुक्यातून पाणी मिळवण्याचा इतिहास बहुतेक वेळा पाणी पकडण्याच्या युक्त्यांचा म्हणून सांगितला जातो. पुरावे नीट लावून पाहिले तर तो सोडवण्याच्या युक्त्यांचा इतिहास दिसतो. आज प्रयोगशाळांमध्ये धातूच्या पत्र्यावर गाठी, सरी आणि नक्षी कोरून धुके झेलण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांचा अर्थही असे पाहिले तरच लागतो.

एक भेद आधी स्पष्ट करायला हवा. आपल्या भाषेत तो आहेच. दव, ज्याला गावाकडे दहिवर म्हणतात, ते हवेतल्या वाफेचे थंड वस्तूवर पाणी होऊन बनते. धुके किंवा धुई हे आधीच पाणी झालेले असते. त्याचे कण साधारण एक ते चाळीस मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे केसाच्या जाडीहून लहान असतात, म्हणूनच ते पडत नाहीत, तरंगतात. दोन मिलिमीटरच्या पावसाच्या एका थेंबात वीस मायक्रॉनचे दहा लाख कण मावतात. एक घनमीटर दाट धुक्यातही पाणी अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेरच. दवासाठी पृष्ठभाग थंड हवा. धुक्यासाठी वारा हवा, वाऱ्याच्या वाटेत उभी वस्तू हवी, आणि ते लाखो कण एकत्र येऊन स्वतःच्या वजनाने खाली घरंगळावेत अशी सोय हवी. यातले शेवटचे सर्वांत अवघड आहे.

ही सोय निसर्गात तयार मिळाली आणि माणसांनी तिच्याभोवती व्यवस्था उभारली, याचे सर्वांत जुने आणि सविस्तर उदाहरण कॅनरी बेटांपैकी एल हिएरोचे आहे. या बेटावर वाहती नदी नाही. मूळच्या बिंबाचे लोकांचा आधार होता गारोए नावाचा एक वृक्ष, आपल्या दालचिनीच्या कुळातला, सदाहरित. समुद्रावरून येणारा ढग एका घळीतून वर चढे आणि या झाडाला अडे. पानांवरून टपकणारे पाणी खालच्या टाक्यांत साचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथला इतिहास लिहिणाऱ्या आब्रेउ गालिंदो याने दोन टाक्यांचे वर्णन केले आहे, एक माणसांच्या पिण्यासाठी, दुसरे गुरांसाठी आणि धुण्यासाठी. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, जी चमत्काराच्या गोष्टी सांगणारे बहुधा वगळतात. झाडाची राखण करायला बेटाच्या सभेने पगारी माणूस नेमलेला होता. प्रत्येक कुटुंबाला ठरावीक सात भांडी पाणी तो मोजून देई, बेटावरच्या प्रतिष्ठितांना याहून वेगळा वाटा असे. फड सिंचन पद्धतीत पाणी वाटून देणारा पाटकरी ज्यांना माहीत आहे, त्यांना या माणसाची ओळख वेगळी करून द्यायला नको. १६१० साली वादळात ते झाड पडले. विसाव्या शतकाच्या मध्याला त्याच जागी त्याच जातीचे नवे झाड लावले गेले आणि तेही ढगात टपकू लागले. म्हणजे जादू त्या एका झाडाची नव्हती. जागा, पान आणि खालचे टाके यांचा तो मेळ होता. चकचकीत पान पाणी धरून ठेवत नाही, ते टोकाशी आणून सोडते.

आता एका चुकीकडे वळू, कारण या विषयात चुकांनी बरेच काही शिकवले आहे. क्रिमियातल्या फिओदोसिया गावचा वनाधिकारी फ्रीडरिश झिबोल्ड याला १९०० च्या सुमारास गावाभोवतीच्या टेकड्यांवर दगडांचे मोठे ढीग आणि त्यांच्या आसपास मातीच्या नळांचे तुकडे आढळले. त्याने अनुमान केले की प्राचीन ग्रीक वसाहतीला पाणी पुरवणारी ही दवयंत्रे असावीत. अनुमान तपासण्यासाठी त्याने तेपे-ओबा टेकडीवर स्वतःच तसा ढीग रचला: तळाशी वाडग्यासारखी फरसबंदी, वर समुद्रकाठचे गोटे, व्यास सुमारे वीस मीटर. १९१२ पर्यंत काम पुरे झाले आणि पाणी खरोखर आले, दिवसाला ३६० लिटरपर्यंत. तळाला तडे गेल्यामुळे १९१५ मध्ये प्रयोग सोडून द्यावा लागला. पुढे पुरातत्त्वज्ञांनी दाखवून दिले की ते प्राचीन ढीग पाण्याशी संबंधित नव्हतेच, ती दफनस्थाने होती. थडग्यांना पाणवठे समजून एका माणसाने चालणारा पाणवठा बांधला होता.

झिबोल्डचा ढीग पाहून फ्रान्समध्ये दोन प्रयत्न झाले. माँपेलिए इथे लेओं शाप्ताल यांचा छोटा मनोरा, आणि १९३० च्या सुमारास ट्रान्स-आँ-प्रोव्हाँस गावी बेल्जियन अभियंता आशिल क्नापेन यांचा चौदा मीटर उंचीचा घुमट, जाड भिंतींचा, आत काँक्रीटचा गाभा असलेला. अपेक्षा हजारो लिटरची होती. चांगल्या रात्री जेमतेम बादलीभर पाणी आले. असे का? रात्री उघड्या आकाशाखाली उष्णता फेकून देऊनच वस्तू थंड होते, आणि दगडाचा प्रचंड गोळा एका रात्रीत पुरेसा थंड होत नाही. हलका, पातळ पृष्ठभाग लवकर थंड होतो. पण नुसता चकचकीत धातूही इथे फारसा उपयोगी नाही, कारण तो उष्णता सहजी बाहेर फेकत नाही. म्हणून दव गोळा करणाऱ्यांनी पुढे खास प्लास्टिकच्या पातळ पडद्याचा रस्ता धरला. फ्रान्समध्ये दानिएल बेसें आणि आपल्या शेजारी कच्छमध्ये, कोठारा परिसरात, अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील गिरजा शरण यांनी त्यावर चिकाटीने काम केले. झिबोल्डच्या यशाचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की गोलाकार गोटे एकमेकांना बिंदूपुरतेच टेकतात, त्यामुळे वरचे गोटे खालच्या जमिनीच्या उबेपासून सुटे राहतात. मला त्याच्या रचनेत आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. ओंजळीसारखा तळ. गोट्यांवरून निथळलेले पाणी कुठे जाणार, हे त्याने पहिला गोटा ठेवण्याआधी ठरवले होते.

धुक्याची खरी शेती मात्र चिलीत सुरू झाली. प्रशांत महासागराचा थंड प्रवाह आणि वाळवंटी किनाऱ्यावरचे डोंगर यांमुळे तिथे वर्षातले कित्येक दिवस दाट धुके डोंगरउतारांना टेकते. स्थानिक लोक त्याला कामांचाका म्हणतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून आंतोफागास्ता इथले भौतिकशास्त्रज्ञ कार्लोस एस्पिनोसा यांनी धुके पकडणाऱ्या सांगाड्यांवर काम केले आणि त्याचे स्वामित्वहक्क आपल्या विद्यापीठाला देऊन टाकले. पुढे कोकिंबो प्रांतात, बंद पडलेल्या एल तोफो लोहखाणीच्या माथ्यावर, सुमारे ७८० मीटर उंचीवर, १९८७ मध्ये पन्नास मोठ्या जाळ्या उभ्या राहिल्या. प्रत्येक बारा मीटर लांब, चार मीटर उंच. जाळी कोणती? भाजीपाल्यावर सावली धरायला वापरतात तीच, आपल्याकडच्या शेडनेटची बहीण. ती दुहेरी लावली जाई, आणि या दुहेरीपणाला कारण होते. वाऱ्याने दोन पदर एकमेकांना घासले की अडकलेले थेंब निसटून खाली येतात. १९९२ मध्ये नळ डोंगराखालच्या चुंगुंगो या मच्छीमारांच्या गावापर्यंत पोहोचला. साडेतीनशेच्या आतल्या वस्तीला दिवसाला हजारो लिटर पाणी मिळू लागले. आधी टँकरच्या काळात माणशी चौदा लिटर मिळत होते, ते तेहतीसच्या घरात गेले. भूगोलज्ञ पिलार सेरेसेदा आणि हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट शेमेनॉअर यांनी इथल्या अनुभवातूनच एक चौरस मीटरची प्रमाणित मोजणी-जाळी सुचवली, जी आज जगभर वापरली जाते. दशकभर चुंगुंगो हे नाव साऱ्या जगात उदाहरण म्हणून घेतले गेले. मग ते पाणी थांबले. त्याकडे पुढे येतो.

शेडनेटची मर्यादा प्रयोगशाळेत उघडी पडली. जाळीच्या आडव्या-उभ्या धाग्यांमध्ये पाण्याचे पापुद्रे अडकतात, भोके बुजतात, आणि भोके बुजलेली जाळी म्हणजे भिंत. भिंतीला वारा वळसा घालतो आणि धुक्याचे हलके कण वाऱ्याबरोबरच वळतात. म्हणजे जाळीने न सोडलेला थेंब येणाऱ्या दुसऱ्या थेंबाची वाट अडवतो. नक्षीच्या पृष्ठभागाची कल्पना नेमकी याच अडचणीवर आली, आणि ती आली एका भुंगेऱ्याच्या पाठीवरून.

नामिब वाळवंटात पाऊस नगण्य, पण अटलांटिकवरून धुके आत येते. १९७६ मध्ये विल्यम हॅमिल्टन आणि मेरी सीली यांनी ओनिमॅक्रिस प्रजातीतला एक काळा भुंगेरा धुक्याच्या पहाटे वाळूच्या टेकाडाच्या कण्यावर जाऊन, डोके खाली आणि पार्श्वभाग वर करून, वाऱ्यासमोर उभा राहतो हे नोंदवले. पाठीवर साचलेले पाणी ओघळून तोंडाशी येते. एका पहाटे तो सरासरी आपल्या वजनाच्या बारा टक्के पाणी पितो. २००१ मध्ये अँड्र्यू पार्कर आणि ख्रिस लॉरेन्स यांनी नामिबमधल्याच एका भुंगेऱ्याच्या पाठीची सूक्ष्मदर्शकाखालची रचना प्रसिद्ध केली: सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या गाठी, त्यांची टोके पाणी ओढून घेणारी, मधल्या खोलगट जागा मेणचट, पाणी झिडकारणाऱ्या. टोकावर कण जमतो, वाढतो, जड झाला की टोकाची पकड सुटते आणि मेणावरून तो खाली घसरतो. मेणात काचेचे मणी बसवून त्यांनी ही कल्पना पडताळली. पकडणारी जागा आणि सोडणारी जागा वेगवेगळी, एकाच अंगावर शेजारी शेजारी. कल्पनेचे सौंदर्य एवढे होते की पाच वर्षांत एमआयटीमध्ये कोहेन आणि रुबनर यांच्या गटाने तशा कृत्रिम पृष्ठभागाची रचना केली. मग तांबे, अॅल्युमिनियम, पोलाद यांच्यावर लेझरने किंवा रसायनाने ठिपके, पट्टे, पाचरी कोरण्याची लाटच आली. २०१६ मध्ये हार्वर्डच्या जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने भुंगेऱ्याची गाठ, निवडुंगाच्या काट्याचा उतार आणि कीटकभक्षी घटपर्णीचा निसरडेपणा एकत्र आणून धातूच्या पृष्ठभागावर थेंब लवकर वाढवून लवकर घसरवून दाखवला. तो प्रयोग मुख्यतः वाफेच्या सांद्रीभवनाचा होता, धुक्याचा नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे.

इथे सर्वांत गंभीर हरकत उभी राहते, आणि ती भुंगेऱ्यांच्या अभ्यासकांनीच घेतली. पार्कर यांनी पाहिलेला भुंगेरा नेमका कोणत्या जातीचा, यावरच वाद झाला. डोक्यावर उभा राहून पाणी पिणाऱ्या ओनिमॅक्रिसच्या पाठीवर तशा गाठी नसतात. २०१० मध्ये थॉमस नॉरगॉर्ड आणि मारी डाके यांनी चार जातींचे भुंगेरे कृत्रिम धुक्यात तपासले. गाठींच्या पाठीचे, गुळगुळीत पाठीचे, सगळे आपल्या आकाराच्या मानाने सारखेच पाणी गोळा करत होते, आणि डोके खाली करून उभी राहणारी जात एकच निघाली. म्हणजे फरक पाठीच्या नक्षीत नव्हता, उभे राहण्यात होता. वारा कुठून येतो ते ओळखून, उंच जागी जाऊन, अंग तिरपे करण्यात होता. मग नक्षीदार धातूची सारी इमारत चुकीच्या पायावर उभी आहे का?

मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण झिबोल्ड. त्याला सापडलेले ढीग थडगी होती म्हणून त्याने गोळा केलेले पाणी खोटे ठरत नाही. भुंगेऱ्याला गाठींचा फायदा होतो की नाही हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे. ओढणाऱ्या टोकांवर थेंब वाढतो आणि झिडकारणाऱ्या उतारावरून सुटतो हे भौतिकशास्त्र आहे, ते काचेच्या मण्यांवर दिसले आणि धातूवरही दिसले. पण हरकतीतला अर्धा भाग मान्य करावाच लागतो, कारण तो धातूच्या कामाला थेट लागू पडतो. प्रयोगशाळेत छोट्या पत्र्याच्या तुकड्यावर जवळून फवारलेले धुके आणि डोंगरावर वाऱ्यासोबत आडवे वाहणारे धुके एक नव्हेत. सपाट पत्रा, कितीही सुंदर नक्षीचा असला तरी, वाऱ्याला भिंतच. कण त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत तर नक्षीने सोडवायचे काय? वस्तू जितकी बारीक, तितके कण तिला वळसा न घालता आदळतात. झाडाच्या सुया आणि गवताच्या काड्या धुके चांगले झेलतात ते यामुळे. म्हणून नक्षीचा विचार पत्र्यावरून तारेवर आला तेव्हा तो डोंगराच्या जवळ आला असे मी म्हणेन. २०१३ मध्ये एमआयटीच्या गॅरेथ मॅकिन्ली यांच्या गटाने चिलीतल्या संशोधकांबरोबर बारीक पोलादी तारांच्या, लेप दिलेल्या जाळीचे गणित मांडले. नेहमीच्या शेडनेटपेक्षा सुमारे पाचपट पाणी मिळू शकते असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१८ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी आडवे धागे काढूनच टाकले आणि फक्त उभ्या तारा ठेवल्या, वीणेसारख्या. अडवणारे आडवे काही नसल्याने थेंब लहान असतानाच सरळ खाली घसरतो. मार्लोट यांची जुडी शंभर वर्षांनी पोलादात परत आली होती.

दुसरी हरकत खर्चाची आणि टिकाऊपणाची. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यात मीठ असते, वाऱ्यात धूळ असते, उन्हाने लेप तडकतात, निसरडेपणासाठी लावलेले तेल पाण्याबरोबर हळूहळू धुऊन जाते. पाणी झिडकारणारी जागा एकदा मळली की ती ओढणारी होते आणि नक्षीचा अर्थच संपतो. पिण्याच्या पाण्यात तांबे किंवा जस्त उतरू नये याचीही काळजी घ्यावी लागते. फाटलेले शेडनेट गावचा माणूस सुईदोऱ्याने शिवू शकतो, लेझरने कोरलेली तार त्याला दुरुस्त करता येत नाही. ही हरकत मी पूर्णपणे मान्य करतो. आजच्या घटकेला डोंगरावर पाणी देणाऱ्या बहुसंख्य जाळ्या प्लास्टिकच्या आहेत, आणि ते योग्यच आहे. नक्षीदार धातूला डोंगरावर स्थान मिळवायचे तर पाचपट पाण्याइतकेच पाच वर्षांच्या मळाचे उत्तर त्याला द्यावे लागेल.

तिसरी हरकत चुंगुंगोवरून घेतली जाते: एवढे गाजलेले काम दहा वर्षांत बंद पडले, तर धुक्याच्या पाण्यावर गावाने विसंबावे कसे? २००२ च्या आसपास एल तोफोवरच्या जाळ्या ओस पडल्या आणि गावात पुन्हा टँकर येऊ लागले. पण कामांचाका आटली नव्हती, ती आजही त्या डोंगराला टेकते. वस्ती वाढली, वादळात फाटलेल्या जाळ्या कोणी बदलायच्या हे स्पष्ट राहिले नाही, सरकारी नळाचे पाणी प्रगतीचे लक्षण वाटू लागले. थेंब जाळीवरून सुटत होता, पण पुढे घागरीपर्यंत पोहोचवणारी साखळी तुटली होती. एल हिएरोच्या राखणदारासारखा पगारी आणि जबाबदार माणूस तिथे कायमचा उभा राहिला नाही. हा निसर्गाचा पराभव म्हणून मांडला जातो तेव्हा पुढच्या गावांचे नुकसान होते, कारण मग लोक जाळी सुधारत बसतात आणि पाणी-समिती विसरतात.

सह्याद्रीत एवढी धुई असताना आपल्याकडे हे का झाले नाही, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येईलच. याचे मुख्य उत्तर ऋतूंमध्ये आहे. घाटमाथ्यावर दाट धुके असते तेव्हा पाऊसही कोसळत असतो, आणि चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात तेव्हा माथा कोरडा, स्वच्छ असतो. हिवाळ्यातली धुई आपल्या शेतकऱ्याला माहीत आहे ती आंब्याचा मोहर काळवंडवणारी आणि कांद्यावर करपा आणणारी म्हणून. धुके आणि टंचाई एकाच वेळी यावीत, ही चिलीच्या आणि मोरोक्कोच्या भूगोलाची देणगी आहे.

मोरोक्कोच्या नैर्ऋत्येला, बुतमेझगिदा डोंगरावर, १२२५ मीटर उंचीवर, दार सी हमाद या संस्थेच्या कामातून २०१५ मध्ये धुक्याचे पाणी खालच्या अमाझिग गावांच्या घरांत नळाने पोहोचले. पहिल्या जाळ्या तिथल्या वाऱ्याने फाडल्या होत्या. नंतर जर्मन अभिकल्पक पीटर ट्राउटवाइन यांनी घडवलेल्या नव्या जाळ्या आल्या. त्यांचा सांगाडा धातूचा आहे, जाळीच्या पाठीशी वाऱ्याचा भार वाटून घेणारी दुसरी जाळी आहे, आणि जाळी सांगाड्याला ताठ बांधलेली नाही. ती रबरी पट्ट्यांवर टांगलेली आहे. वादळ आले की पट्टे ताणले जातात, जाळी वाऱ्याबरोबर मागे जाते आणि वारा पडला की परत जागेवर येते. पट्टा तुटला तर हाताने नवा लावता येतो.